आधारची झेरॉक्स देताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका दुकानात प्रिंट काढायला गेलो होतो. माझी फाईल शोधायला पोरानं व्हॉट्सॲप उघडलं आणि स्क्रीनवर आधीच्या गिऱ्हाइकांची आधारकार्डं, पॅनकार्डं, पासबुकांची पहिली पानं एकाखाली एक दिसायला लागली. त्यात दोन महिन्यांपूर्वी मी पाठवलेलं माझंही आधार होतं. पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, पण अंगावर काटा आला.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो, आणि प्रिंटसाठी आपणच तो दुकानात सांगतो. प्रिंट हातात आली की तिथंच उभं राहून चॅटमधली आणि डाउनलोडमधली फाईल डिलीट करून घ्या. संकोच वाटतो, तरी सांगा.

शक्य तिथं मास्क्ड आधार द्या. ते आधारच्या माय-आधार या सरकारी वेबसाइटवर मिळतं आणि त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांनाही लॉजवर हेच द्यायला सांगा. साधी झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त घरभाडे करारासाठी', खाली तारीख आणि सही. एजंट म्हणतो म्हणून चार-पाच कोऱ्या झेरॉक्सवर सह्या करून देणं मात्र फार महागात पडू शकतं.

अंगठ्याकडे आपलं लक्षच नसतं. आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा जुळला की खात्यातून पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. ठशांची नक्कल करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. म्हणून आधारमधलं बायोमेट्रिक, म्हणजे ठसे आणि डोळ्यांवरून होणारी ओळख, लॉक करून ठेवा. मग रेशन दुकानात अंगठा लागला नाही तर मशीनला दोष देऊ नका, आधी तात्पुरतं अनलॉक करा.

घरात सगळ्यांना रेंज आहे आणि तुमच्याच फोनची गेली, बंद-चालू करूनही येत नाही, तर उद्यावर ढकलू नका. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलंय का, हे लगेच कंपनीला विचारा. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं.

आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसह चारही क्रेडिट संस्था वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा. वसुलीवाले कितीही दमदाटी करोत, 'एक हप्ता भरून मिटवून टाकू' असं करू नका. भरलेला हप्ता म्हणजे कर्ज कबूल केल्यासारखं होतं.

खात्यातून पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नुकसान तुमच्यावर येत नाही. तक्रार क्रमांक कागदावर उतरवून ठेवा. पुढं बँकेत आणि पोलीस ठाण्यात पहिल्यांदा तोच विचारतात.