डिस्पॅचिंगमध्ये उतरताय? मग आधी व्हिसा बघा, मग ट्रक

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल-ऑरोराकडे दरवर्षी नवी मराठी बिऱ्हाडं येतात, आणि गणपतीच्या जेवणात कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, तुमचं ते ट्रकचं काम घरून होतं ना? आम्हालाही सांगा की." घरून होतं, खरं आहे. लॅपटॉप, फोन आणि चिकाटी एवढं भांडवल पुरतं. डिस्पॅचरला, म्हणजे ट्रकमालकासाठी माल शोधून देणाऱ्याला, सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं, उद्यापासून सुरू करू.

मी आधी व्हिसा विचारते. लोकांना राग येतो, तरी विचारते. एच-4 वर, म्हणजे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याचे जोडीदार म्हणून, असाल आणि हातात वर्क परमिट नसेल, तर हे काम करता येत नाही. घरून केलं तरी नाही, पैसे भारतातल्या खात्यात घेतले तरी नाही, "मी फक्त मदत करते" म्हटलं तरी नाही. 2015 पासून एच-4 वाल्यांना वर्क परमिट मिळतं, पण ते बहुतेकदा जोडीदाराचा आय-140, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झाल्यावर. ते आलं की खुशाल स्वतःचा धंदा करा. "मग ह्यांच्या नावावर एलएलसी काढते", म्हणजे छोटी कंपनी, ही युक्ती दर दोन घरांआड ऐकू येते. अहो, ते एच-1बी वर आहेत. त्यांना नोकरी देणाऱ्या कंपनीशिवाय दुसरीकडे काम करता येत नाही, त्यात स्वतःची कंपनीही आली. एलएलसी कागदावर मालकीची असू शकते, पण तिच्यात बसून लोड, म्हणजे ट्रकने न्यायचा माल, बुक करायला लागलात की ते काम झालं. ग्रीन कार्डची रांग आधीच वर्षानुवर्षांची. ती दोन-चारशे डॉलरसाठी धोक्यात घालू नका. मंडळातलं कुणी "काही होत नाही हो" म्हणालं, तर त्याचं स्वतःचं ग्रीन कार्ड झालंय का तेवढं विचारा.

एलएलसी, ईआयएन (धंद्याचा कर-नंबर), धंद्याचं वेगळं बँक खातं ही कामं एका आठवड्यात उरकतात. त्यावर जास्त लिहीत नाही. महागडे कोर्स घेऊ नका. त्यात जे शिकवतात ते एखाद्या चालू डिस्पॅचरशेजारी पंधरा दिवस बसून फुकट कळतं.

धंदा असा चालतो. माल पाठवणारा ब्रोकरला, म्हणजे मधल्या दलालाला सांगतो, ब्रोकर ते लोड डॅट किंवा ट्रकस्टॉपच्या लोडबोर्डवर, म्हणजे ऑनलाइन यादीत टाकतो. ज्याच्याकडे ट्रक आणि स्वतःचा एमसी नंबर, म्हणजे मालवाहतुकीच्या परवान्याचा नंबर आहे तो कॅरियर. आपण कॅरियरच्या बाजूने लोड शोधायचं, भाव करायचा, कागद करायचे, ड्रायव्हर पोचेपर्यंत पाठपुरावा ठेवायचा. त्याबद्दल भाड्याच्या साधारण 5 ते 10 टक्के मिळतात. ट्रकने आठवड्यात 5,000 डॉलरचं भाडं केलं, तर 6 टक्क्यांनी आपले 300. दोन-तीन ट्रक नीट सांभाळता येईपर्यंत चौथा घेऊ नका.

पहिला कॅरियर मिळवणं हेच अवघड. नवा एमसी घेतलेला मालक लगेच हो म्हणतो, कारण त्यालाही कुणी विचारत नसतं. एमसीला तीन महिने, कुठे कुठे सहा महिने झाल्याशिवाय बरेच ब्रोकर लोडच देत नाहीत. तेव्हा हो म्हणण्याआधी एफएमसीएसएच्या, म्हणजे ट्रकवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, सेफर साइटवर त्याच्या एमसीचं वय, विमा, तपासणीत ट्रक किती वेळा अडवला ते बघून घ्या. कायद्याने साध्या मालाला साडेसात लाख डॉलरचा लायबिलिटी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) चालतो, पण ब्रोकर दहा लाख आणि वर एक लाखाचा कार्गो, म्हणजे मालाचा विमा मागतात.

शिकागोकडचे कॅरियर म्हणजे पंजाबी, लिथुएनियन, सर्ब, बल्गेरियन. बोलिंगब्रुक-जोलिएटकडच्या ट्रक यार्डांत जाऊन प्रत्यक्ष भेटा. मराठी माणसाला इथे संकोच वाटतो. ट्रकवाल्याशी काय बोलायचं, असा चेहरा करून उभा राहतो, आणि मग लिंक्डइनवर मेसेज टाकत बसतो. पाजी लिंक्डइन उघडत नाहीत. चहा पिऊन, मुलं काय करतात ते विचारून, मग कामाचं बोला. शब्दाला जागतात. फक्त फी किती, कधी आणि कशावर, ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ओळखीत लिहून मागायची लाज वाटणं हा आपला जुना रोग आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. जे लोड ज्या एमसीवर घेतलं, ते त्याच एमसीच्या ट्रकने जायला हवं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने दोन कॅरियर धरले होते. शुक्रवारी दुपारी एकाच्या नावावर लोड घेतलं आणि तासाभरात त्या ट्रकचा टर्बो गेला. ब्रोकरला सांगितलं तर लोड जाईल, म्हणून याने गुपचूप दुसऱ्या कॅरियरचा ट्रक पाठवला. गोदामाच्या फाटकावरच्या बाईने ट्रकच्या दारावरचं नाव आणि डीओटी नंबर (वाहतूक खात्याचा नोंदणी नंबर) वाचला, हातातला कागद वाचला आणि ट्रक बाजूला उभा करायला सांगितला. पाच मिनिटांत ब्रोकरचा फोन. याच्या हिशेबी ही अडीअडचणीची सोय होती, ब्रोकरच्या हिशेबी लोड परस्पर दुसऱ्याला विकलेलं. ज्याच्या नावावर लोड होतं त्या कॅरियरविरुद्ध तक्रार नोंदली गेली, ती इतर ब्रोकरांना दिसू लागली आणि त्याला लोड मिळेनासं झालं. बिचाऱ्याचा ट्रक तर गॅरेजमध्ये होता, त्याला काही ठाऊकच नव्हतं. दोन्ही कॅरियरांनी याला काढलं. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे माल चढला नव्हता. चढून वाटेत अपघात झाला असता, तर विमा कंपनीने हात वर करायला ही एवढी गोष्ट पुरली असती.

हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. लोड हातात घेऊन ते कोणत्या कॅरियरला द्यायचं हे तुम्ही ठरवू लागलात, की तुम्ही ब्रोकर ठरता. ब्रोकरला परवाना लागतो आणि 75,000 डॉलरचा बाँड. परवान्याविना केलं, तर एकेका उल्लंघनाला 10,000 डॉलरहून जास्त दंड होऊ शकतो. डिस्पॅचर कुठे संपतो आणि ब्रोकर कुठे सुरू होतो, यावर एफएमसीएसएने जून 2023 मध्ये खुलासा काढलाय, तो शांतपणे वाचा. प्रत्येक कॅरियरशी वेगळा लेखी करार करा. ब्रोकरला फोन लावताना "मी अमुक कॅरियरकडून बोलतेय" असंच म्हणा. माल पाठवणाऱ्याशी थेट सौदा करू नका, भाड्याचा पैसा आपल्या खात्यात घेऊ नका, आणि ट्रक बिघडला तर पहिला फोन ब्रोकरला. लोड जाईल. जाऊ दे.

रेट कॉन, म्हणजे भाडं पक्कं झाल्याचा कागद, ओळ न ओळ वाचा. फोनवर ब्रोकर फार गोड असतात. "डोन्ट वरी, बडी" हे इथल्या माणसाच्या तोंडात "बघू" इतक्याच किमतीचं असतं. कागदावर नाही ते मिळत नाही. डिटेन्शन, म्हणजे गोदामात खोळंबल्याचे पैसे, किती तासांनी सुरू? बहुतेक दोन तास फुकट असतात. माल उतरवणाऱ्यांचे, म्हणजे लंपरचे पैसे कोण देणार? उशिराला किती कापणार? लोड ऐनवेळी रद्द झालं तर काय देणार? डिटेन्शन हवं असेल तर ड्रायव्हरला सांगून ठेवा, की आल्या-गेल्याची वेळ बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर लिहून सही घ्यायची, आणि दोन तास संपायच्या आधीच ब्रोकरला ईमेल टाका. नंतर मागितलं तर कुणी देत नाही.

भाव मैलावर बघायचा, पण रिकामे मैल धरून. जोलिएट ते अटलांटा 700 मैल आणि भाडं 1,600 डॉलर म्हणजे मैलाला जवळजवळ 2.30 वाटतात. पण माल उचलायला 100 मैल रिकामं जायचं असेल, तर खरे दोनच. फ्लोरिडाचं भाडं बघून भुलू नका, तिथून परत यायला भाव मिळत नाही.

याच अटलांटाचं आणखी एक. दुपारी 3 ला माल भरला आणि ब्रोकर म्हणाला सकाळी 7 ला पोचवा, तर नाही म्हणा. ड्रायव्हरला 14 तासांच्या आत 11 तास गाडी चालवता येते, मग 10 तास विश्रांती. 700 मैलांना 11 तास पुरत नाहीत, आणि वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं तो वेगळाच. "बाकीचे करतात" म्हणेल. करू देत. ट्रकमधलं ईएलडी, म्हणजे चालवण्याचे तास मोजणारं यंत्र, सगळं नोंदवतं, आणि तपासणीत नाव ड्रायव्हरचं खराब होतं.

ड्रायव्हरच्या इंग्रजीचंही आता बघावं लागतं. पूर्वी पोलिसाने अडवलं की ड्रायव्हर आपल्याला फोन लावायचा आणि आपण दुभाषी. मे 2025 च्या सूचनेनंतर तपासणीत फोनवरचा दुभाषी चालत नाही, आणि 25 जून 2025 पासून इंग्रजीत उत्तरं देता आली नाहीत तर ड्रायव्हरला जागेवरच थांबवतात. नवा कॅरियर घेताना ड्रायव्हरशी दहा मिनिटं इंग्रजीत बोलून बघा.

खोटे ब्रोकर बरेच आहेत. ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका, सेफरवर जो नंबर आहे त्यावर करा.

फीचं बिल शुक्रवारी पाठवा. ब्रोकर पैसे महिन्याने देतात, पण बहुतेक लहान कॅरियर आपली बिलं फॅक्टरिंग कंपनीला, म्हणजे बिलं विकत घेऊन लगेच पैसे देणाऱ्या कंपनीला देऊन एक-दोन दिवसांत पैसे मोकळे करतात. तेव्हा "ब्रोकरकडून आले की देतो" असं कुणी म्हणालं, तर तुमचं फॅक्टरिंग कुणाकडे आहे, एवढंच विचारा. पुढच्या शुक्रवारपर्यंत फी आली नाही, तर सोमवारी त्याचं लोड शोधू नका.