वारस नोंदीतून नाव वगळले गेले असेल तर

कोकणात वडिलांच्या पश्चात एक भाऊ गावी राहून कलमे राखतो आणि बाकीची भावंडे मुंबईला असतात. बाग विकायला निघाली की मगच कोणीतरी सातबारा काढतो आणि त्यावर बहिणींची नावे कधी लागलीच नव्हती हे कळते. अशा वेळी भावकीत बैठक बोलावण्याआधी नाव नेमके कोणत्या नोंदीत गळले ते शोधावे.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशी फेरफाराचा, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक दिलेला असतो. त्या फेरफाराची आणि गाव नमुना 6क म्हणजे वारस नोंदवहीची प्रमाणित नक्कल मागावी, आणि शक्य असल्यास मूळ वर्दी अर्ज (वारसांची नावे लावण्यासाठी तलाठ्याकडे दिलेला अर्ज) व त्यासोबतचे प्रतिज्ञापत्रही मिळवावे. 'याशिवाय अन्य वारस नाहीत' असे वाक्य कोणी सही करून दिले, हे तिथेच दिसते आणि पुढे हाच कागद सर्वांत उपयोगी पडतो. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिलेले असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. हक्कसोडपत्र झाल्याचे कोणी सांगत असल्यास ते नोंदणीकृत आहे का, याचा शोध दुय्यम निबंधकाकडे घ्यावा. स्थावर मिळकतीतील हक्क साध्या स्टॅम्पपेपरवरच्या सहीने सुटत नाही.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे विधवा, आई, मुलगे व मुली यांना पुरुषाच्या मिळकतीत सारखा हिस्सा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, ठरली, आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेले नोंदणीकृत वाटप किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप त्यामुळे उलटत नाही. मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा कायदे वेगळे असल्याने त्यांनी हिश्श्यांचा हिशेब त्यांच्या कायद्याप्रमाणे मांडावा.

नोंद अजून प्रमाणित झाली नसेल तर लेखी हरकत द्यावी, म्हणजे प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाऊन मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणीला लागते. हरकतीची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. नोंद प्रमाणित झाली असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 247 खाली प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) 60 दिवसांत अपील करता येते, आणि मुदत टळली असल्यास नोंद कधी व कशी कळली हे सांगून विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो.

इथेच पुष्कळ लोक फसतात. फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद आहे. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, आणि हिश्श्याचा वाद उपस्थित झाला की तहसीलदारही त्याच अधिनियमाच्या कलम 85 खाली वाटप करू शकत नाहीत. तरीही प्रांत, अपर जिल्हाधिकारी आणि पुन्हा मागे अशा फेऱ्यांत वर्षे जातात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळले आहे हे कळल्यापासून 12 वर्षांत दिवाणी दावा करावा लागतो, म्हणून हक्कच नाकारला जात असेल तर अपिलाच्या निकालाची वाट पाहू नये, असे माझे मत आहे.

वाटप व स्वतंत्र कब्जाचा दावा लावताना गावातील भातशेती, बाग, वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आणि घर यांपैकी काहीही सोडू नये, आणि मयत आत्याच्या मुलांसह प्रत्येक हिस्सेदाराला पक्षकार करावे, कारण एक हिस्सेदार राहिला तरी दावा अडतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी कोणाच्या नावे आहे यावरून घराची मालकी ठरत नाही. विक्रीची बोलणी चालू असतील तर दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्यावा. हुकूमनामा झाल्यावर सरकारी आकार (शेतसारा) लागणाऱ्या शेतजमिनीचे वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, तर घराची पाहणी कोर्ट कमिशनर करतो. माजघर आणि ओटी यांचे सरस-निरस (चांगले-वाईट पाहून समान) भाग पडत नसतील तर एका हिस्सेदाराने घर ठेवून इतरांना किंमत देण्याची तयारी आधीच वकिलांना सांगून ठेवावी.