कायद्याच्या पोरांकडे जाताना पिशवीत काय न्यावं

बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणी कोर्टकचेरीत अडकलं की आधी माझ्या ओट्यावर येतं. सुरसागराजवळच्या न्यायमंदिरात मी ३१ वर्षं बेंच क्लार्क होतो. २०१८ साली कोर्ट दिवाळीपुऱ्यात गेलं, त्याआधीच निवृत्त झालो. वकील मात्र नाही. म्हणून आलेल्याला चहा पाजतो आणि लॉ कॉलेजच्या मोफत कायदा केंद्रात घेऊन जातो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक लॉ कॉलेजला असं केंद्र ठेवावं लागतं. शेवटच्या वर्षाची मुलं बसतात, वर एक जुने प्राध्यापक लक्ष ठेवतात.

‘पोरं काय करणार?’ असं सगळे विचारतात. पोरं वाचतात. वकिलाच्या दाराशी दहा पक्षकार ताटकळत असतात. या मुलांना तुमचा एक कागद अर्धा तास घेऊन बसायला सवड असते.

पण कागद तर न्यायला हवा! मागे गल्लीतले केटरिंगवाले भाऊ नुसता चेक घेऊन आले. मुंजीच्या जेवणाचे ४०,०००, चेक परत आलेला. गिऱ्हाईक ‘दिवाळीनंतर देतो’ म्हणे आणि भाऊ भिडेखातर थांबलेले. टेबलावरच्या मुलीनं चेक उलटसुलट करून विचारलं, ‘काका, बँकेचा मेमो?’ चेक परत आल्याची बँकेची ती चिठ्ठी घरी, देव्हाऱ्याखाली. मी स्कूटर काढली. मेमोवरची तारीख बघून पोरगी एकदम उठलीच. २६ दिवस झाले होते. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो, पण भाऊंच्या चेकची तीही संपत आली होती. मुलीनं तिथंच मजकूर लिहिला, सरांनी दोन ओळी खोडल्या, भाऊंनी सही केली (अशा नोटिशीला वकिलाचीच सही लागते असं नाही) आणि दुसऱ्या दिवशी रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्ट गेली. नोटीस पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात फिर्याद. भाऊंचे पैसे बाराव्या दिवशी आले. पोस्टाची पावती त्यांनी अजून जपून ठेवली आहे, आता काही कारण नसताना.

तेव्हा पिशवी आदल्या रात्री भरा. चेक असेल तर मेमो, घर असेल तर भाडाकरार, वेऱ्याचं (घरपट्टीचं) बिल, सिटी सर्वेचा उतारा. वारसाचं काम असेल तर मृत्यूचा दाखला आणि पेढीनामुं, म्हणजे वंशावळीचा कागद. पाकिटंसुद्धा टाकू नका, पोस्टाचा शिक्का हीही तारीखच असते. मूळ कागद दाखवायचे, द्यायची फक्त झेरॉक्स. माझ्या नोकरीत ‘मूळ कागद कुणाकडे दिला?’ या एका प्रश्नावर किती लोकांना घाम फुटलेला पाहिलाय.

सोबत एक कोरा कागद. त्यावर तारखा लिहा, एकाखाली एक, कधी काय झालं एवढंच. आपली माणसं सुरुवात करतात ती वन्संच्या लग्नातल्या मानापमानापासून, आणि मूळ मुद्दा येईपर्यंत मुलांच्या तासाची घंटा होते. मानापमान मला सांगा, ओट्यावर.

भाषेचं. मुलं बहुतेक गुजराती, अर्जही गुजरातीत लिहितात. आपल्या म्हाताऱ्या बाया बाजारात फर्डं गुजराती बोलतात, पण सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) वाचायचा म्हटलं की ‘चष्मा घरी राहिला’. चष्मा न्या. आणि सही करण्याआधी म्हणायचं, ‘बेटा, वांची संभळाव.’ वाचून दाखवायला कुणी कंटाळत नाही. एका आजींनी ट्रंकच उघडून आणली होती, त्यात निम्मे कागद मोडीत. मुलं तर सोडाच, मलाही लागले नाहीत.

आता मुलांना काय जमत नाही तेही ऐका. १९६१ च्या वकील कायद्याप्रमाणे कोर्टात तुमच्या वतीनं उभं राहायचं ते सनद असलेल्या वकिलानं, विद्यार्थ्यानं नाही. खटलाच करायचा असेल तर मुलं जिल्हा कानूनी सेवा सत्तामंडळाचा अर्ज भरून देतात, तिथून सरकारी खर्चानं वकील मिळतो. यात एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही: १९८७ च्या कानूनी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला हा वकील मिळताना उत्पन्न बघत नाहीत. नवऱ्याचा बंगला अलकापुरीत असला तरी. लहान मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांनाही तसंच. केंद्र बंद असेल तर कानूनी सेवेच्या १५१०० या नंबरवर फोन करा.

लोक अदालतीत मिटवा असं कुणी सुचवलं तर वाईट नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आकडा पटला नसेल तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणून उठायचं, भीड धरायची नाही.

पैसे कुणी मागत नाही. मागितलेच तर सरळ प्राध्यापकांना सांगा.

निघताना रजिस्टरमधला आपला नंबर लिहून घ्या. मुलाचं नाव पुरत नाही, जूनमध्ये तो पास होऊन जातो आणि तुमची फाइल दुसऱ्याच्या हातात पडते. परीक्षेच्या दिवसांत टेबलावर कुणी नसतं, दिवाळीच्या सुट्टीतही नाही. गणपती विसर्जन झालं की दिवाळीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा, मुलं तोवर टेबलाला सरावलेली असतात. वार आणि वेळ कॉलेजच्या ऑफिसात आधी विचारा. दुपारी जाणार असाल तर जेवून जा, बाकावर तास दोन तास मोडतात.