मांजराची लाळ गळत असेल तर

मांडीवर घुरघुरताना मांजराच्या हनुवटीवर एखादा थेंब दिसला तर काळजी नको, काही मांजरं लाडात आली की लाळ गाळतातच. पण छातीचे केस ओले होऊन चिकटत असतील तर उजेडात नेऊन हलकेच ओठ वर करा. दाढेजवळची हिरडी लालभडक, तोंडाला घाण वास, वाटीपर्यंत येऊन न खाताच परत जाणं. बहुतेक वेळा दुखणं दाताचंच निघतं. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असलं तर आतडं चिरतं.

मात्र आवाज बदललाय, चाल लडखडतेय, मांजर विनाकारण अंगावर येतंय, असं असेल तर तोंडाला हातच लावू नका. रेबीजची शंका धरा. चावलं असेल तर जखम १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

मनी प्लांटचं पान चावलं तरी लाळेची धार लागते. ओल्या फडक्यानं तोंड पुसा, पाणी द्या. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचिडांचं औषध मांजराला कधीच लावू नका, ते विष आहे.

आणि आपला नागपूरचा मे महिना! पारा ४५ च्या घरात असताना मांजर तोंड उघडून धापा टाकत लाळ गाळत असेल तर तो उष्माघात समजा. साध्या पाण्यानं अंग भिजवा, कूलरसमोर ठेवा, बर्फ नको. लगेच डॉक्टर गाठा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.