डायल-अप जोडणी लागत नसेल तर: आधी लाइन, मग मोडेम, शेवटी विंडोज

विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळातले डायल-अप इंटरनेट, म्हणजे साध्या टेलिफोन लाइनवरून क्रमांक लावून मिळणारे इंटरनेट, लागत नाही अशी तक्रार आली की बहुतेक घरांत आणि कार्यालयांत पहिला हात संगणकावर पडतो. कोणी मोडेमचा, म्हणजे संगणकाची माहिती सुरांत बदलून टेलिफोन लाइनवर पाठवणाऱ्या यंत्राचा, ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा घालतो, कोणी विंडोजच नव्याने टाकतो, आणि एवढा खटाटोप करूनही जोडणी होती तिथेच अडकते. ठाणे आणि नवी मुंबई या भागात खाडीची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस टेलिफोनच्या तांब्याच्या तारांना सतत सोसावा लागतो. म्हणून इथे दोष शोधण्याचा क्रम नेमका उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे: आधी भिंतीतून येणारी लाइन, मग मोडेम, आणि हे दोन्ही निर्दोष ठरल्यावरच विंडोज.

पहिले काम ऐकण्याचे आहे. मोडेमचा आवाज बंद करून ठेवला असेल तर कंट्रोल पॅनेलमधील मोडेमच्या गुणधर्मांत जाऊन तो चालू करावा आणि एकदा डायल करून सगळा क्रम शांतपणे ऐकावा. निर्दोष जोडणीत प्रथम डायल टोन येतो, मग क्रमांकाचे सूर वाजतात, एकदोन रिंगनंतर पलीकडचा मोडेम फोन उचलून सुमारे २१०० हर्ट्झचा लांब, उंच सूर काढतो, आणि त्यानंतर दोन्ही मोडेमची खरखरीत बोलणी सुरू होऊन ती संपताच स्पीकर आपोआप शांत होतो. त्यापुढे पडद्यावर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड तपासला जात असल्याचा संदेश दिसतो. जोडणी यांपैकी कोणत्या टप्प्यावर तुटली हे कळले की शोधाचे क्षेत्र फार लहान होते. म्हणून पडद्यावर येणारा त्रुटी क्रमांक आणि त्या क्षणी ऐकू येत असलेला आवाज, दोन्ही कागदावर लिहून ठेवावेत.

आता लाइन. मोडेममध्ये जाणारी वायर काढून तीच वायर साध्या फोनला लावावी. कॉर्डलेस फोन यासाठी वापरू नये, कारण त्याची स्वतःची खरखर लाइनच्या खरखरीत मिसळते. रिसीव्हर उचलून कोणताही एकच आकडा दाबावा. डायल टोन थांबेल आणि पुढचे काही सेकंद लाइन पूर्ण शांत राहिली पाहिजे. त्या शांततेत जे ऐकू येईल ते लाइनचे खरे स्वरूप असते. पाऊस पडला की वाढणारी आणि उन्हात कमी होणारी करकर असेल तर कुठल्यातरी जोडात किंवा केबलमध्ये पाणी शिरले आहे असे समजावे. सलग घुमणारा आवाज असेल तर दोनपैकी एक तार जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकत असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या कोणाचे बोलणे पुसट ऐकू येत असेल तर शेजारच्या लाइनच्या तारांच्या जोडीशी गळती आहे. माणसाचे कान अशा आवाजातूनही बोलणे समजून घेतात, आणि म्हणूनच ‘फोन तर व्यवस्थित चालतो’ हे उत्तर मोडेमच्या बाबतीत पुरेसे नसते. मोडेम सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झचा टेलिफोनचा सगळा पट्टा वापरतो आणि त्या पट्ट्यातील प्रत्येक करकर त्याला चुकलेल्या माहितीसारखी दिसते.

आवाज ऐकू आला तर दोष घरातला की बाहेरचा हे ठरवावे. घरातील सर्व समांतर फोन, कॉलर आयडीचे यंत्र, फॅक्स हे सगळे काढून ठेवावे आणि लाइन घरात शिरते त्या पहिल्या रोझेटवर (भिंतीवरच्या टेलिफोनच्या जोडपेटीवर) एकच फोन लावून तीच परीक्षा पुन्हा करावी. आवाज नाहीसा झाला तर दोष घरातील वायरिंगचा किंवा काढलेल्या यंत्रांपैकी एखाद्याचा आहे. एकेक परत लावत गेल्यास तो सापडतो. नौपाडा, कोपरी यांसारख्या जुन्या वस्तीतील इमारतींत गॅलरीतून ओढलेल्या वायरीला मध्येच पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली असते, आणि टेपखालचे तांबे हिरवट-काळे पडलेले असते. असा जोड टेप बदलून सुधारत नाही. वायर तांबे लख्ख दिसेपर्यंत मागे कापून, नवा जोड जेली भरलेल्या कनेक्टरमध्ये करावा. भिंतीपासून संगणकापर्यंतचे अंतर जास्त असेल तर लांबलचक चपटी वायर वापरू नये. पीळ दिलेली जंपर वायर खोलीपर्यंत आणून तिथे नवा रोझेट बसवावा आणि चपटी वायर एक-दोन मीटरच ठेवावी. हे काम करताना एक काळजी घ्यावी: लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट असतात, ते सहसा जाणवत नाहीत, पण त्याच वेळी रिंग आली तर चांगलाच झटका बसतो. ओल्या हातांनी किंवा ओल्या गॅलरीत उभे राहून तार सोलू नये.

पहिल्या रोझेटवरही आवाज येत असेल तर पुढचा मार्ग जिन्यातील डीपी (इमारतीतल्या लाइन वाटून देणारी पेटी), रस्त्यावरचा पिलर (केबल जोडण्याची मोठी पेटी) आणि एक्सचेंजकडे जातो आणि तो लाइनमनचा प्रांत आहे. डीपी स्वतः उघडू नये, शेजाऱ्यांच्या जोड्या त्यातच असतात. एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीच्या लाइनसाठी त्या काळी १९८ वर तक्रार नोंदवली जाई. ती नोंदवताना ‘इंटरनेट चालत नाही’ असे न सांगता ‘फोनवर खरखर येते, पावसात वाढते’ असे सांगावे. पहिल्या वाक्यावर तक्रार इंटरनेट सेवेकडे ढकलली जाण्याची भीती असते, दुसऱ्या वाक्यावर लाइन तपासली जाते. तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि लाइनमन आल्यावर त्याला एक आकडा दाबून ती शांतता ऐकवावी.

लाइन स्वच्छ असूनही ‘डायल टोन नाही’ अशी ६८० क्रमांकाची त्रुटी येत असेल तर प्रथम मोडेममागील दोन खाचा पाहाव्यात. भिंतीकडची वायर ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेतच हवी. त्यानंतर मोडेमच्या ओळखीचा प्रश्न येतो. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा आहे आणि अमेरिकेतला ३५० व ४४० हर्ट्झ मिळून बनतो, त्यामुळे परदेशी बाजारासाठी बनलेला मोडेम इथला टोन ऐकूनही ओळखत नाही. लाइनवर कॉल फॉरवर्डिंगसारखी सुविधा चालू असताना तुटक डायल टोन येतो, त्यानेही मोडेम गोंधळतो. देश म्हणून भारत निवडलेला आहे का ते पाहावे, आणि तरीही अडचण राहिली तर ‘डायल करण्यापूर्वी टोनची वाट पाहा’ या पर्यायाची खूण काढावी किंवा मोडेमच्या जादा आज्ञांच्या चौकटीत इंग्रजी ‘एक्स’ आणि आकडा ३ लिहावा. वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळे पट्ट्यातील कारखान्यांत मोडेम ईपीएबीएक्सच्या, म्हणजे कार्यालयातील अंतर्गत टेलिफोन यंत्रणेच्या, एक्स्टेन्शनवर असायचा. तिथे बाहेरची लाइन घेण्याचा आकडा, बहुधा शून्य, आणि पुढे एक स्वल्पविराम घालून मग क्रमांक लिहावा. एका स्वल्पविरामाने मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो. मात्र डिजिटल एक्स्टेन्शनच्या खाचेत साधा मोडेम कधीही लावू नये, तो जळू शकतो. शक्य असेल तर अशा ठिकाणी मोडेमला एक्स्टेन्शन न देता स्वतंत्र थेट लाइनच द्यावी, असा माझा आग्रह राहील.

मोडेमची तपासणी थोडक्यात होते. विंडोज एक्सपीत फोन आणि मोडेमच्या पर्यायांत, निदानाच्या पानावर, मोडेमला प्रश्न विचारण्याचे बटण आहे. ते दाबल्यावर उत्तरांची यादी आली तर संगणक आणि मोडेम यांच्यातील संबंध ठीक आहे. ६३३ ही त्रुटी आली तर दुसरा एखादा प्रोग्रॅम, बहुधा फॅक्सचा, मोडेम धरून बसलेला असतो. यंत्रातील बिघाड सांगणारी ६९२ किंवा ६३० आल्यास बाहेरचा मोडेम काही सेकंद बंद करून पुन्हा चालू करावा. आतील कार्ड असेल तर संगणकाची वीज पूर्ण काढून कार्ड खाचेत नीट बसवावे. वळिवाच्या किंवा परतीच्या पावसातल्या विजांनंतर मोडेम अचानक मुका झाला असेल, आणि साध्या फोनवर मात्र डायल टोन स्वच्छ येत असेल, तर टेलिफोनच्या तारेतून आलेल्या झटक्याने तो जळला असे समजून नवा घ्यावा.

क्रमांक लागतो पण ६७६ येते, तेव्हा पलीकडची लाइन व्यस्त आहे. सेवेचा दुसरा क्रमांक असल्यास तो पर्यायी म्हणून नोंदवावा. ६७८ म्हणजे पलीकडून अपेक्षित प्रतिसाद आला नाही. इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: जोडणीत नोंदवलेला क्रमांक आकडा न् आकडा तपासावा. काही घातक प्रोग्रॅम हा क्रमांक गुपचूप बदलून त्या जागी परदेशी क्रमांक घालतात आणि महिनाअखेर बिल हाती पडेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. घरात मोडेम असेल तर लाइनला आयएसडीचे, म्हणजे परदेशी कॉलचे, कुलूप लावूनच ठेवावे.

दोन्ही मोडेमची बोलणी बराच वेळ चालून तुटत असतील, तर लाइन जेवढा वेग पेलू शकते त्याहून जास्त वेग मोडेम मागत आहे. ५६ के, म्हणजे सेकंदाला सुमारे ५६ हजार बिट, हा आकडा १९९८ च्या व्ही.९० मानकाचा आहे आणि तो फक्त संगणकाकडे येणाऱ्या माहितीला लागू होतो. जाणारी माहिती त्यात ३३.६ के पलीकडे जात नाही. शिवाय येणारा वेगही पलीकडची बाजू थेट डिजिटल असेल आणि वाटेत एकदाच डिजिटलचे अ‍ॅनालॉग होत असेल तरच मिळतो. मध्ये ईपीएबीएक्स आला की हे गणित मोडते. म्हणून खराब लाइनवर ५६ के चा हट्ट सोडावा आणि जादा आज्ञांच्या चौकटीत ‘+एमएस=व्ही३४’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहून मोडेमला ३३.६ के च्या जुन्या मानकावर बांधावे. काही जुने मोडेम हीच गोष्ट वेगळ्या आज्ञेने करतात, ती त्यांच्या पुस्तिकेत असते. विंडोजमधील पोर्टचा वेग, म्हणजे ११५२०० हा आकडा, संगणक आणि मोडेम यांच्यातला आहे. त्याचा टेलिफोन लाइनच्या वेगाशी गोंधळ करू नये.

नाव किंवा पासवर्ड नाकारल्याची ६९१ आली म्हणजे लाइन आणि मोडेम दोन्ही निर्दोष आहेत, एवढी तरी खात्री होते. कॅप्स लॉक, पासवर्डमधील लहान-मोठी अक्षरे, पॅकेजचे संपलेले तास, आणि तेच खाते त्याच वेळी दुसरीकडे चालू असणे, ही कारणे या क्रमाने पाहावीत. ७२० आली तर टीसीपी-आयपीची, म्हणजे इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या नियमपद्धतीची, मांडणी बिघडलेली असते. विंडोज ९८ मध्ये ‘नेटवर्कवर लॉग ऑन करा’, नेटबेयुई आणि आयपीएक्स (स्थानिक नेटवर्कच्या जुन्या पद्धती) यांच्या खुणा काढून फक्त टीसीपी-आयपीची ठेवावी. पासवर्ड तपासण्याचा वेळही त्यामुळे कमी होतो. जोडणी लागूनही पाने उघडत नसतील तर डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे, पत्ते आपोआप मिळण्यावर ठेवले आहेत का ते पाहावे. एखाद्या जुन्या सेवेचे हाताने लिहिलेले पत्ते तिथे हमखास राहून गेलेले असतात. आणि एक्सपीवर जोडणी लागताच ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन संगणक बंद होत असेल, तर तो जोडणीचा दोष नसून ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेल्या ब्लास्टर या वर्मचा (नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमचा) हल्ला आहे. बाहेरून येणारे असे हल्ले अडवणारी फायरवॉल चालू करून मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती आधी घालावी.

लागलेली जोडणी मध्येच तुटण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे दुसऱ्या खोलीतला उचललेला समांतर फोन. त्यासाठी त्या फोनची लाइन मोडेमच्या ‘फोन’ खाचेतून पुढे न्यावी. कॉल वेटिंगच्या बीपनेही जोडणी तुटते. ती सुविधा बंद करता येत असेल तर करावी, नाही तर ‘एस१०=५०’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे पलीकडचा सूर पाच सेकंद हरवला तरी आपला मोडेम फोन ठेवत नाही; पलीकडचा मोडेम मात्र तेवढा धीर धरेलच असे नाही. नेहमी ठरावीक मिनिटांनीच तुटत असेल तर काही वेळ वापर नसल्यास फोन ठेवण्याची मुदत मोडेमच्या गुणधर्मांत, जोडणीत आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अशी तिन्ही ठिकाणी पाहावी.

आपोआप पुन्हा डायल करण्याच्या पर्यायात प्रयत्नांची संख्या दोन-तीनच ठेवावी. पलीकडच्या मोडेमने फोन उचलला की, पुढे जोडणी लागो वा न लागो, त्या कॉलचा आकार लागू शकतो. एकाच त्रुटीवर तिसऱ्यांदा अडकल्यास डायल करणे थांबवून मोडेमची वायर साध्या फोनला लावावी आणि एक आकडा दाबून पुन्हा लाइन ऐकावी.