कबड्डीच्या मोसमाआधी: सर्दी-तापाच्या रॅपिड टेस्टची तयारी

किट मागवायच्या आधी एक कागद घ्या. पॉझिटिव्ह आलेल्या खेळाडूला बसवायचा निर्णय कोणाचा, ते लिहा आणि खाली कोच, डॉक्टर, मॅनेजर तिघांच्या सह्या घ्या. सामन्याच्या दुपारी मुख्य रेडरच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटल्यावर हे ठरवायला बसलात, तर काय ठरेल ते सांगायला नको.

किट फ्लू ए, फ्लू बी आणि कोविड एकत्र दाखवणारं असू द्या, कारण मुंबईत फ्लूची खरी लाट पावसाळ्यात असते. (फ्लूची लसही त्याआधीच उरकून घ्या.) एक्सपायरी बघा. बहुतेक किट 2 ते 30 अंशांत ठेवायची असतात, म्हणजे टीम बसच्या डिकीत नाही. पाकीट टेस्टच्या वेळीच फोडा, इथली दमट हवा पट्टीला मानवत नाही. निकाल सूचनेत दिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने दिसलेली पुसट रेघ धरू नका. सी समोर (टेस्ट नीट चालली की नाही ते दाखवणारी जागा) रेघच नसेल तर टेस्ट बाद, नवी पट्टी घ्या.

आता खरी अडचण: निगेटिव्ह. अंगात ताप आहे, पट्टी स्वच्छ आहे आणि खेळाडू म्हणतोय, ‘बघा, काही नाही मला.’ पहिल्या दिवशी अँटीजेन टेस्ट, म्हणजे हीच पट्टी, पुष्कळदा हुकते. अशा खेळाडूची खोली वेगळी करा, 24 ते 48 तासांनी पुन्हा टेस्ट करा किंवा सरळ लॅबमधल्या जास्त अचूक पीसीआर टेस्टला पाठवा. शिवाय ऱ्हायनोव्हायरससारखे साध्या सर्दीचे विषाणू या किटला दिसतच नाहीत. 2018 च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या 44 खेळाडूंपैकी 20 जणांना सर्दीची लक्षणं दिसली. तपासात विषाणूंचे सात वेगवेगळे गट निघाले आणि लागण बहुतेक एकाच खेळातल्यांमध्ये पसरली होती. तेही बर्फातले खेळ. आपल्याकडे तर सरावात एकमेकांचा दम तोंडावर घेत साखळी धरायची असते. म्हणून हॉटेलात एक खोली रिकामी ठेवा आणि कोण कोणाबरोबर राहतो ती यादी फिजिओकडे द्या.

पीसीआरची लॅब आधीच ठरवा. सामना वरळीच्या डोममध्ये आणि लॅब बोरिवलीत असला प्रकार नको. रविवारी नमुना घेतात का, रिपोर्ट किती तासांत, हे फोन करून विचारा. वापरलेल्या स्वॅबसाठी पिवळी पिशवी घ्या.

औषधांचं मात्र स्वतः बघा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन हे नाक मोकळं करणारं औषध असतं; सामन्याच्या काळात लघवीत ते मिलिलिटरला 150 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, तर वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) नियमांत तो डोपिंगचा मामला होतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीलाही सामन्याच्या काळात बंदी आहे. फ्लूवरचं ओसेल्टामिविर चालतं, पण ते लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालेलं बरं. नाक चोंदलं म्हणून रात्री गुपचूप कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जाणाऱ्या खेळाडूची मला पट्टीपेक्षा जास्त धास्ती वाटते. त्यामुळे टीमच्या डॉक्टरचा नंबर आजच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाका, आणि रात्री दोनलाही फोन उचलणार का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.