पांढऱ्या ट्रॉल्यांखाली कोणती लादी लावावी?

'पांढऱ्यावर काहीही चालतं' हा सल्ला ज्यांनी दिला असेल, त्यांना लादी निवडायला सोबत नेऊ नका. ठाण्यात आणि नवी मुंबईत मी बरीच स्वयंपाकघरं करून दिली आहेत. पांढऱ्याखालची लादी हाच त्यातला सर्वांत जास्त चुकणारा भाग आहे.

सोसायटीची परवानगी घेतली आहे, शटरचं, म्हणजे ट्रॉल्यांच्या दर्शनी दारांचं, लॅमिनेट आणि ओट्याचा दगड पक्का झाला आहे, असं मी धरून चालते. ते ठरलं नसेल तर लादीच्या दुकानात जाऊच नका. लाद्यांचे रंग शेकड्यांनी मिळतात, फिक्या ओट्याचे मोजकेच.

प्रकार ठरवायला फार वेळ लागू नये: व्हिट्रिफाइड, मॅट, घसरण्याच्या मानकात आर 10, म्हणजे ओल्या पायालाही बरी पकड देणारी. चकचकीत नकोच. पावसाळ्यात ओल्या पायांनी सिंकपाशी वावरायचं असतं. फार खडबडीतही नको, फोडणीचं तेल त्यात बसलं की निघत नाही.

आता रंग. इथे मी स्वतः फसले आहे. नेरूळच्या माझ्या घरात शटर आणि ओटा दोन्ही निळसर झाकीचे पांढरे होते. दुकानात भक्क उजेडात, स्टँडवर उभी केलेली आयव्हरी लादी मला तितकीच पांढरी वाटली. बसवून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर फरशी धूर बसल्यासारखी पिवळट. सिमेंटचा मळ राहिला असेल म्हणून तीनदा घासली. मळ नव्हताच, लादीचा रंगच तो होता. चार वर्षं रोज ती बघत स्वयंपाक केला.

म्हणून आता अडून बसते: अख्ख्या दोन लाद्या घरी आणायच्या. तळहाताएवढा तुकडा चालणार नाही, कॅटलॉगमधलं चित्र तर नाहीच. दुकानदार कुरकुरला तर अनामत ठेवा. लादी स्वयंपाकघरात जमिनीवर आडवी ठेवा, तिच्यावर शटरचा नमुना उभा धरा, शेजारी ओट्याच्या दगडाचा तुकडा. मग लादीवर झेरॉक्सचा कोरा कागद टाका. त्याच्या शेजारी झाक लगेच उघडी पडते: पिवळट, गुलाबी, हिरवट की निळसर. शटर पिवळट पांढरं असेल तर लादीही उबदार झाकीची हवी, निळसर असेल तर थंड राखाडी. या दोन झाका एकत्र आल्या की जी पिवळी ती मळकी दिसते.

हे सकाळी बघा, दुपारी बघा आणि रात्री घरचे दिवे लावून बघा. 3000 केल्विनचा पिवळसर दिवा आणि 6500 चा पांढरा दिवा यांखाली एकच लादी दोन वेगळ्या लाद्यांसारखी दिसते. उकिडवं बसून नको, उभं राहून बघा. शेवटी थोड्या तेलात हळद कालवून लादीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. डाग राहिला तर ती लादी बाद.

गडदपणाबद्दल माझं मत ठाम आहे: लादी शटरपेक्षा दोन-तीन छटा गडद हवी. सगळंच पांढरं केलं की ट्रॉलीचा खालचा काठ हरवतो आणि खोली दवाखान्यासारखी कोरी वाटते. काळीही नको, सांडलेली कणीक आणि वाळलेल्या पाण्याचे थेंब दिवसभर दिसत राहतात. पिवळट शटरखाली वाळूचा रंग किंवा उबदार राखाडी, निळसर शटरखाली थंड राखाडी, त्यात बारीक दाणेदार नक्षी, हे सगळ्यात सोयीचं. ओट्यावर शिरा असतील तर लादी बिनशिरांची घ्या. क्रीम शटरखाली कोटा फार शोभतो, फक्त तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू आणि ॲसिड त्याला खातं.

लाद्यांच्या सांध्यांत भरायचा ग्राउट इपॉक्सीचा, लादीच्या रंगाचा किंवा एक छटा गडद. पांढरा कधीच नाही.

लाद्या दहा टक्के जास्त घ्या, सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड क्रमांक एकच हवा. जुन्या लादीवर नवी बसवत असाल तर दाराखालची फट आधी मोजा.

माल आला की चार वेगवेगळे बॉक्स फोडा, लाद्या कोरड्याच जमिनीवर मांडा आणि खिडकीच्या उजेडात बघा. एखादी वेगळी दिसली तर बॉक्स तिथल्या तिथे परत पाठवा. मिस्त्रीला सिमेंटचा माल कालवायला त्यानंतरच सांगा.